कोरडा आड

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे उदगीरच्या मोंढ्यात कोणीही सांगेल. चाळीस वर्षं आडत केली. हमालांशी भांडलो, दलालांशी भांडलो, सख्ख्या भावाशी भांडून वेगळा झालो. त्यामुळे नगरपालिकेच्या ओव्हरसिअरशी माझं वाजलं, यात कोणाला नवल वाटलं नाही. पण जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे मी बारा दिवस मुकाट बसलो. ते मला सांगायचं आहे, आणि ते सांगताना स्वतःला सोडायचं नाही.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. आमच्या परड्यात आड होता, माझ्या आज्याने काळा खडक फोडून पाडलेला, चाळीस फूट खोल. बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा तो दिवसाला दहा-बारा घागरी द्यायचा. तो चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत आटला. पोहरा सोडला की तळाच्या दगडावर खणकन वाजायचा. मग मी रहाटच काढून ठेवला आणि टँकरची वाट बघायला शिकलो.

त्याच वर्षी महानंदेला, माझ्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणंही गेलं, पण सगळं नाही. ती माहेरची भालकीची, कानडी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला मारून-मुटकून मराठी शिकवली होती. झटक्यानंतर ती चव्वेचाळीस वर्षांची मराठी पुसून गेली आणि लहानपणची कानडी तेवढी राहिली, तीही तुटकी आणि तोंडातल्या तोंडात. डॉक्टर असोत की शेजारी, ती काही बोलली की सगळे माझ्याकडे बघायचे. "काय म्हणल्या अक्का?" मग मी सांगायचो. आमचा एकुलता मुलगा चन्नबसप्पा नव्या जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसात कारकून, लातूरला बिऱ्हाड करून राहिलेला. तोसुद्धा आईचं बोलणं मलाच विचारायचा. घरात आम्ही दोघंच.

आमचा संडास जुन्या पद्धतीप्रमाणे परड्याच्या टोकाला. मागच्या दाराच्या पाच पायऱ्या उतरून अंगण ओलांडायचं. मी तिला काखेत धरून न्यायचो. पौषात आम्ही दोघं पायरीवरून पडलो. तिला फार लागलं नाही, पण त्यानंतर तिने पाणी पिणंच सोडलं. दिवसाला एक तांब्या, तोही पुरा नाही. डॉक्टर म्हणाले, अशाने मूत्रपिंडं जातील. मी तिला समजावलं, ओरडलो, हात जोडले. ती नुसती म्हणायची, "ब्याड." नको. मला उचलायला लागू नये म्हणून ती तहानलेली राहत होती, आणि हे मला कळत होतं. रात्रंदिवस तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून ठरवलं की तिच्या खोलीला लागून असलेलं मागचं स्वयंपाकघर तोडायचं. अर्ध्यात न्हाणी आणि संडास, अर्ध्यात ओटा. वीरभद्र मिस्त्री आमच्याच समाजातला, हाताला हुशार. तो म्हणाला, "आप्पा, पंधरा दिसांत करून देतो. पर आता इजाजत लागतीया."

पूर्वी उस्मानाबाद जिल्हा होता तेव्हा इथे कोणी भिंत पाडली काय, बांधली काय, विचारायला कुत्रं येत नव्हतं. नवा जिल्हा झाला आणि नियमांचं छापील पुस्तक आलं. नकाशा काढा, तीन प्रती द्या, दरखास्त द्या. मी चडफडत सगळं दिलं. आठ दिवसांनी ओव्हरसिअर मोजमापाला आला.

रामकिशन त्याचं नाव. देवणीकडचा, तिशीचा, बारीक अंगाचा. खिशात बाबासाहेबांचा छोटा फोटो, हातात पोलादी टेप. दोन तास तो माझ्या घरात टेप धरून फिरला. मला वाटलं होतं, चहा पिऊन सही करून जाईल.

"आप्पा, संडासाची भिंत अन् वट्ट्याची भिंत एक धरलीया तुमी. तसं चालत न्हाई. मधी न्हाणी घ्या. संडासाचं दार सैपाकघरात उघडू नका, अक्काच्या खोलीकडून घ्या."

"बरं."

"खिडकी उघड्या हवेत निघाया पायजे. ह्या बाजूच्या बोळात काढा. अन् हवेचा नळ छताच्या वर न्या, न्हाई तर वास घरात कोंडंल."

"घर माझं, बायको माझी, नळ माझा. अन् कुठवर न्यायचा ते तुम्ही सांगणार?"

तो हसला. "म्या कोन सांगणारा? पुस्तकात हाय ते वाचून दाखवून राहिलो."

इथवर ठीक होतं. खरं तर त्याच्या सूचना सरळ होत्या. महानंदेच्या खोलीकडून दार घ्यायचं, हे ना मला सुचलं होतं ना वीरभद्राला. पण मग त्याने परड्यात जाऊन आडाच्या काठावर टेपचं टोक धरलं आणि तिथून मोजत निघाला. मागच्या भिंतीपर्यंत बारा फूट. डाव्या-उजव्या भिंती आणखी जवळ. मग बोळातून मोजत पुढच्या अंगणात, पार फाटकापर्यंत.

"संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटाच्या आत घेता येत न्हाई, आप्पा. तुमच्या जाग्यात पन्नास फूट भरतंय ते निस्तं पुढं, फाटकाच्या आत. टाकी अन् खड्डा तिथं घ्यावा लागंल."

"विहीर कुठाय? दोन वर्षं झाली थेंब न्हाई त्यात."

"कोरडी असली तरी विहीरच हाय. खालचे झरे गेले न्हाईत, निस्ते आटलेत. अन् खडकाला भेगा असत्यात. एका आडाचं दुसऱ्याला जातंय."

आता फाटकाच्या आत म्हणजे कुठे, हे लिंगायताच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. श्रावणात, शिवरात्रीला जंगमस्वामी येतात ते तिथेच थांबतात. तिथे पाट मांडून आम्ही त्यांचे पाय धुतो, ते पाणी तीर्थ म्हणून घेतो. तिथे संडासाचा खड्डा? माझं डोकं तडकलं. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. मी म्हणालो, "आमच्या आडाला हात लावू दिला न्हाई, त्याचा सूड उंबऱ्यावर घेऊन राहिलात का?"

कारण ते खरं होतं. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे गल्ली, आणि गल्लीच्या पलीकडे बौद्धांची वस्ती. माझ्या लहानपणी त्या वस्तीच्या बायका आडापासून लांब उभ्या राहायच्या आणि माझी आई वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायची. रामकिशन त्या वस्तीतला नव्हताही. पण रागात मला सगळे सारखेच दिसले.

तो टेप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आप्पा, अक्काची गरज मला कळती. म्हून दोन तास मोजलं. बोळातून नळ घेतला तर देवघराखालून जात न्हाई, बैठकीची फरशी तोडावी लागत न्हाई. खड्ड्यावर फरशी बसवली की काय दिसत बी न्हाई." आणि नकाशावर पेन्सिलीने खुणा करून निघून गेला. महानंदेने आतून त्याला चहासाठी थांबवायला मला हाका मारल्या होत्या. मी ते त्याला सांगितलं नाही.

वीरभद्र सगळं ऐकत बसला होता. रामकिशन गेल्यावर म्हणाला, "आप्पा, एवढं तापायचं कशाला? त्याला पायजे तसा नकाशा द्या. पास करून घ्या. अन् नळ सोडा आडात."

"आडात?" मी विचारलं.

"चाळीस फूट खोल खड्डा. खंदायला नको, बांधायला नको. नळ दहा फुटांचा. वरून शहाबादी टाकून सिमिट मारतो. लातुरात, औशात किती जणांनी केलंय. आड असून बी आता करायचं काय त्याचं? निस्तं ढोरं पडायचं भ्याव."

त्याने सांगितलेलं मला पटलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. मला ते हवं होतं. उंबरा वाचत होता, महानंदेला संडास मिळत होता आणि वर त्या ओव्हरसिअरची जिरत होती. दोन वर्षं कोरडा दगड बघून बघून मीही मानून चाललो होतो की या आडाला पुन्हा कधी पाणी येणार नाही. त्या वर्षी आमच्याकडे कोणालाच तसं वाटत नव्हतं. दुष्काळात माणूस पाण्याची वाट बघतो, पण आपल्या पायाखाली ते अजून कुठेतरी आहे हे विसरतो.

नकाशा पास झाला. फाटकाच्या आत कंबरेएवढा खड्डा खणला. रामकिशन येऊन बघून गेला, टेप लावून गेला. तो गेल्यावर दोन दिवसांनी खड्डा त्याच मातीने बुजवला, वर फरशी बसवली आणि फसवायला एक हवेचा नळ उभा केला. मागे परड्यात आडाच्या तोंडावर शहाबादी टाकली. काम पुरं झाल्यावर रामकिशन पुन्हा आला. फरशीकडे बघून म्हणाला, "आप्पा, तुमी ऐकलं. मला वाटलं नव्हतं. लोक आयकत न्हाईत, निस्ती खुसपटं काढत्यात." आणि सही केली. त्या दिवशी मी त्याला चहा पाजला.

महानंदा पहिल्या दिवशी भिंतीला बसवलेल्या नळीला डाव्या हाताने धरून एकटी आत गेली. दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. ती बाहेर आली तेव्हा रडत होती. त्या दुपारी तिने दोन तांबे पाणी प्यायलं. मी तिसरा भरून दिला, तर डोळे वटारून म्हणाली, "साकु." पुरे. वर्षभरात ती पहिल्यांदाच माझ्यावर डोळे वटारत होती. मला इतकं बरं वाटलं की मी वीरभद्राच्या पोरांना पेढे पाठवले.

एकच गोष्ट झाली. ती आंघोळीचं साठवलेलं पाणी संडासात ओतायची, तेव्हा दुपारच्या शांततेत खूप खोलवरून पडल्याचा आवाज यायचा. एकदा तिने बाहेर येऊन विचारलं, "एल्लि?" कुठे जातं? मी म्हणालो, "मुंद." पुढे. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि खाटेवर जाऊन बसली.

मे महिन्यात टँकर तीन दिवसांआड झाला. नगरपालिकेने बोअर पाडायला घेतले. एका सकाळी मागच्या गल्लीत घरघर ऐकू आली. मी परड्याच्या भिंतीवरून बघितलं तर बोअरची गाडी उभी, भोवती वस्तीतली माणसं, आणि रामकिशन मोटारसायकलच्या सीटवर पास झालेल्या नकाशांचा गठ्ठा पसरून बसलेला. त्याने मला बघून हात केला.

"आप्पा, जागा हीच धरली बघा. पाणी बघणारा पानाड्या बी हीच म्हनला. तीन घरांचे संडास तपासले, समदे लांब हायेत. तुमचा तर पार फाटकाजवळ. तुमी पुढं खड्डा घेतला म्हून इथं बोअर घेता आला, न्हाई तर ही जागा गेलीच व्हती."

बोअरची जागा माझ्या भिंतीपासून आठ फूट होती. आठ आणि बारा वीस. आडापासून वीस फूट.

तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य छोटं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. मी आत वळून बघितलं. महानंदा खिडकीशी बसून पाणी पीत होती. बोललो असतो तर नळ तोडला असता, आणि ती पुन्हा त्या पाच पायऱ्यांवर आणि एका तांब्यावर आली असती. रामकिशनची नोकरी गेली असती, असंही मी मनाशी म्हणालो. त्याची मला फार काळजी होती असं नाही, पण कारण चांगलं वाटलं. शिवाय पाणी लागेलच कशावरून? गेल्या आठवड्यात चार बोअर धूळ काढून गेले होते.

एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. वस्तीतल्या पोरांनी चिखलात उड्या मारल्या. हापसा बसला, चांगुणाने नारळ फोडला. चांगुणा माझ्या आडतीत वीस वर्षं धान्य चाळायला होती. हात सुपासारखे रुंद, बोलणं तिखट, पण पोटात काही नाही. रामकिशनने पाण्याची बाटली भरून तपासायला पाठवली. अहवाल यायला महिना लागणार होता. तीन दिवसांआड घोटभर पाणी मिळणारी माणसं महिनाभर कशी थांबतील? कोणी थांबलं नाही.

मी सायकलला दोन डबे बांधले आणि मोंढ्यात माझ्या चुलतभावाच्या बोअरवरून पाणी आणायला लागलो. सहासष्ट वर्षांचा म्हातारा, दीड मैल जायचं, दीड मैल यायचं, आणि यायचा रस्ता हापशावरूनच. दुसऱ्या दिवशी चांगुणाने अडवलं.

"आप्पा, ह्या वयात का हाल करून घेता? म्या आणून टाकते की दोन घागरी. अक्काला बी भेटंन."

"नको."

"अवो, पाणी ग्वाड हाय. पिऊन तर बघा."

"नको म्हणलं ना."

तिचा चेहरा बदलला. ती बाजूला झाली आणि मी सायकल ढकलत निघून गेलो. पाठीमागे एक बाई हळू म्हणाली, "अजून बी बाटतंय त्येंला." मला ऐकू आलं. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. लोकांना कारण सापडलं होतं. ईश्वरप्पा आडत्या जातीमुळे आमच्या हापशाचं पाणी पीत नाही, असं म्हणून लोक मोकळे होणार होते. खरं कळण्यापेक्षा मला हे चाललं. रामकिशनला ज्या सुडावरून मी बोललो होतो, त्याच घाणीची चादर मी आपणहून अंगावर ओढून घेतली आणि खाली लपलो.

महानंदेला सांगितलं, वैद्याने तुला हलकं पाणी सांगितलंय, मोंढ्यातलंच.

सहाव्या दिवशी वस्तीत दोन पोरांना हगवण लागली. आठव्या दिवशी आणखी तिघांना. ऊन लागलं, आंबे जास्त खाल्ले, असं लोक बोलत होते आणि मीही तसंच बोललो. दहाव्या दिवशी चांगुणाच्या नातवाला सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. मी दोन रात्री जेवलो नाही. पण सांगितलंही नाही. उपाशी राहणं सोपं होतं.

रामकिशन अकराव्या दिवशी येऊन हापशाभोवती फिरला, ओट्याच्या फटी बघितल्या, औषध टाकलं. माझ्या फाटकासमोर थांबून म्हणाला, "आप्पा, काय कळंना. नकाशात तर समदं बरोबर हाय." मी मान हलवली.

बाराव्या दिवशी सकाळी मी डबे भरून परत येत होतो. गल्लीच्या तोंडाशीच दिसलं, हापशाभोवतीच्या बायका गप्प उभ्या आहेत आणि मधे महानंदा आहे. डाव्या हातात तांब्या. काठी हापशाला टेकवलेली. लुगडं मागून मातीने भरलेलं. ती पाच पायऱ्या बसून उतरली होती, परड्याच्या मागच्या दारातून एकटी बाहेर आली होती. न्हाणीची खिडकी बोळात, बोळ गल्लीत उघडतो. बायका हापशावर काय बोलतात ते तिला रोज ऐकू येत असणार. बोलणं गेलं तरी समजणं गेलं नव्हतं. आपला नवरा अजून शिवाशिव पाळतो, हे तिने दहा दिवस ऐकलं आणि आज ती सगळ्यांच्या देखत ते पाणी प्यायला आली होती. मला न सांगता.

चांगुणा हापसत होती. तिचा नातू दवाखान्यातच होता, ती त्याच्यासाठी घागर भरायला आली होती. तिने आपली घागर बाजूला सारून महानंदेचा तांब्या आधी विसळला, भरून दिला. म्हणाली, "प्या अक्का."

महानंदेने तांब्या तोंडाजवळ नेला. मी सायकल सोडून दिली. डबे पडले, पाणी रस्त्यावर सांडलं. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, म्हातारा बायकोला बाटू देत नाही. एकीने तोंड फिरवून थुंकलं. महानंदा मात्र माझ्या हाताकडे बघत होती. मग तिने मान वळवून आमच्या भिंतीकडे बघितलं, पुन्हा हापशाकडे, पुन्हा माझ्याकडे.

"बावी?" ती म्हणाली.

विहीर? एवढंच विचारलं तिने. मी होय म्हणून मान हलवली.

तिने तांब्या खाली घेतला. तो जमिनीवर ठेवायला तिला वाकता येत नव्हतं, तसाच छातीशी धरून ठेवला. तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग ती म्हणाली, "हेळ्री."

"काय म्हणल्या अक्का?" चांगुणाने मला विचारलं.

तिथे कानडी समजणारं कोणी नव्हतं. मी म्हणू शकलो असतो की तिला चक्कर येतेय. म्हणू शकलो असतो, घरी चला म्हणते. लोकांनी मानलं असतं, दोन वर्षं मी सांगेन तेच तिचं बोलणं होतं. महानंदेलाही ते माहीत होतं. ती माझ्याकडे बघत उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती वाट बघत होती.

"सांगा म्हणती," मी म्हणालो. "ती म्हणती, ह्यांना सांगा."

आणि मी सांगितलं. खड्डा पुढे नाही. खड्डा खणला तो दाखवायला. नळ आडात सोडलाय. आड या भिंतीच्या पलीकडं बारा फुटांवर. आमच्या घरात हे पाणी प्यायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. सांगायला किती वेळ लागला कोण जाणे, फार नसणार. कोणी ओरडलं नाही. एका बाईने लेकराच्या हातातला पेला काढून घेतला. दुसरी मटकन खाली बसली. कोणीतरी रामकिशनला बोलवायला गेलं.

महानंदा हापशाच्या ओट्यावर बसून राहिली. मी घरी चल म्हणालो. "ब्याड," ती म्हणाली, आणि माझा हात बाजूला केला.

रामकिशन आला. त्याने भिंतीवरून आमच्या परड्यात उडी मारली. शहाबादीला कान लावला, सिमेंटच्या कडेला नाक नेलं. परत आला तेव्हा गुडघे मातीने भरले होते. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर मी हात उचलला नसता. पण त्याने खिशातून पाना काढला आणि हापशाचा दांडा सोडवायला बसला. नट गंजलेला नव्हता, नवाच होता, तरी त्याला वेळ लागला.

"साहेब, चूक माझी," मी म्हणालो. त्याला मी मनापासून साहेब म्हणालो, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"सही माझी हाय, आप्पा," तो म्हणाला. वर बघितलं नाही. "पुढची फरशी उचलून बघाया पायजे व्हती. तुमी म्हनलात स्वामी येणार हायेत, सिमिट वलं हाय. म्या म्हनलं, म्हातारा मानूस, बायको आजारी, कशाला फरशी उचलायची." त्याने दांडा काढला, खांद्यावर टाकला. "समद्यांनी दवाखान्यात जा. मोठी माणसं बी. म्या टँकर घेऊन येतो."

बायका पांगायला लागल्या. चांगुणा मात्र उभीच होती. तिची घागर भरलेली होती. तिने ती उचलली आणि ओट्यावर पालथी केली. पाणी महानंदेच्या पायांवरून वाहत गेलं. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वीस वर्षं माझ्या दुकानात राबलेली बाई, तिने माझ्याकडे असं सरळ कधी बघितलं नव्हतं.

"आमी म्हनत व्हतो, आप्पाला आमचा विटाळ व्हतो म्हून पीत न्हाईत," ती म्हणाली. "तसंच असतं तर लई बरं झालं असतं."

तिने रिकामी घागर कमरेवर घेतली आणि दवाखान्याकडे निघाली.